बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये एक दुखणं होतं. त्याला सगळे 'बाजाराची बाधा' म्हणत. सौंसरच्या बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असायची. माणसं बाजार करायची, लेकराबाळांना भजी-जिलेबी खाऊ घालायची, दुपारी ताणून द्यायची. दुसऱ्या दिवशी कामावर आली की दुपारपर्यंत आतल्या हॉलमधल्या अर्ध्याअधिक माणसांची छाती धरायची. कोरडा खोकला, अंगात कणकण, श्वास घ्यायला गेलं की कोणी छातीवर पाट ठेवल्यासारखं. एक-दोन दिवस गेले की मोकळं व्हायचं आणि पुढचा आठवडा ठीक जायचा. मग पुन्हा बाजार, पुन्हा बाधा.

मी त्या जिनिंगमध्ये कॅन्टीन चालवते. कॅन्टीन हे नाव मोठं झालं. वजनकाट्याच्या मागे टिनाचं शेड, दोन शेगड्या, चार बाकं. माझा नवरा आत रेच्यांवर होता. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. त्यांच्या दोन रांगा, मधून चालायला वाट आणि हवेत दिवसभर उडत राहणारी रुईची बारीक भुकटी. पाळी सुटली की आतली माणसं पांढऱ्या भुवया घेऊन बाहेर यायची. लग्न नवीन होतं तेव्हा मला त्याचं फार हसू यायचं. "काय हो, सकाळी जवान गेले होते, म्हातारे होऊन आले?" असं म्हणायची मी. तोही कंबर वाकवून, कापऱ्या हातानं चहाचा कप घ्यायचा. बोलताना मी त्याला अहो-जाहो करते. इथे लिहिताना 'तो' म्हणते आहे. लिहिताना तरी जवळ असावा.

आतल्या माणसांना पाळी सुटताना गुळाचा खडा द्यायची रीत फार जुनी. गुळानं घशातली रुई खाली उतरते म्हणतात. गुळाचा डबा माझ्याकडे असायचा. मी खडा हातावर ठेवायची, माणूस तो गालात धरून घरी जायचा. खरंच काही उतरत होतं की नाही, मला माहीत नाही. पण दिवसातून एकदा तरी माणसाच्या घशाची कोणी चौकशी करतं, एवढं त्यात होतं.

बाधेचं कारण प्रत्येकानं आपापल्या अकलेनं शोधलेलं होतं. कोणी म्हणे बाजारातलं तेल खराब, कोणी म्हणे संत्रं खाऊन वरून पाणी पिलं. माझ्या नवऱ्यानं आधी भजी सोडली, मग संत्री सोडली, मग बाजारात जाणंच सोडलं. घरी झोपून राहिला, तरी दुसऱ्या दिवशी छाती धरलीच. तेव्हा त्यानं आपला शोध लावला.

"बाजारात काई नाई वं," तो म्हणाला. "सुट्टीच बाधून राहिली. कामावर असलो का छाती मोकळी. काम सोडलं का धरते. आंग कामाले लागलेलं हाय, त्याले सुट्टी सोसत नाई."

"तुमाले सोसत नसन. मले एक दिवस तरी द्या सुट्टी, पाहा कशी सोसते मले," मी म्हटलं.

पण तो थट्टेवारी बोलत नव्हता. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो जिनिंगमध्ये गेला. यंत्रांची साफसफाई, पट्टे बदलणं, झाडलोट अशी कामं त्या दिवशी दोघं-तिघं करायची, त्यांच्यात हा मिसळला. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी त्याची छाती धरली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. त्यानं ते सगळ्यांना सांगितलं. माणसांना पटलं, कारण डोळ्यासमोर दिसत होतं. मला मात्र ते पाहून आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटली. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. घरातलं रोज रडणारं लेकरू अचानक गप्प झालं की आई उठून पाहते, तसं काहीतरी झालं होतं माझं.

माझा नवरा बुद्धवंदना म्हणायचा. त्याचं गाव तिगाव. बुद्धपौर्णिमेला तिथल्या विहारात वंदना म्हणायला त्यालाच पुढे बसवत, कारण त्याचा दम मोठा. एका श्वासात तो ओळ अशी लांब न्यायचा, की मागे म्हणणारी माणसं मध्येच दोनदा श्वास घेऊन पुन्हा त्याला गाठत. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "माह्या लेकाच्या छातीत दोन मानसाची हवा हाय." माझं लग्न ठरलं तेही मी विहारात तो आवाज ऐकला म्हणून. चेहरा नंतर पाहिला.

त्यानंतरच्या हंगामात नागपूरहून नवे मॅनेजर आले. वयानं लहान, बोलायला गोड. मनानं वाईट नव्हते. वाईट असते तर भांडणं सोपं गेलं असतं. ते म्हणाले, कामगारांचं आरोग्य हीच आपली दौलत. मग आमच्याकडे आरोग्याचा महिना सुरू झाला. पहिली कुऱ्हाड माझ्या कढईवर पडली. भजी बंद, समोसे बंद. मोड आलेली मटकी आणि उकडलेले शेंगदाणे सुरू. मटकीला कोणी हात लावेना. एक जण मला म्हणाला, "वहिनी, आमी का घोडे हाव?" मी म्हटलं, "घोड्याले चणे देतात. तुमाले मटकी भेटून राहिली, खुश राहा." नंतर साहेबांची नजर गुळाच्या डब्यावर गेली. गूळ म्हणजे साखर, साखर म्हणजे रोग, असं त्यांनी मला समजावून सांगितलं आणि गूळ बंद केला. त्या दिवशी मला राग आला. पण डबा त्यांचा होता, मी फक्त वाटणारी होते.

शिबिर झालं. साखर तपासली, रक्तदाब तपासला, डोळे तपासले, वजनं केली. पोट सुटलेल्यांना चालायला सांगितलं. सगळं खरंच केलं, वरवर नाही. छाती मात्र कोणी तपासली नाही.

हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर मोठं बॅनर लावायचं ठरलं. त्यावर हसणारा एक गोरापान माणूस, दोन्ही हात वर, छाती भरून श्वास घेताना. एवढं मोठं बॅनर मावेल अशी भिंत एकच, आणि तिच्यात आतली धूळ बाहेर फेकणारा पंखा होता. एक पंखा आधीच बंद पडलेला होता, हा चालू होता. बॅनर बांधलं तसं ते पंख्याच्या वाऱ्यानं फडफडायला लागलं. तो माणूस भिंतीवर नाचतोय असं दिसायचं. फाटेल म्हणून कोणीतरी पंखा बंद केला. बॅनर शांत झालं. शेगडीसमोर उभी राहून मी ते पाहत होते आणि मला वाटलं, आरोग्याचा महिना संपला की करतील चालू. महिना संपला, बॅनर तिथेच राहिलं.

रोज सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी प्राणायाम ठेवला. बाहेरच्या पटांगणात कापसाचे ढीग आणि गाड्या, बसायला जागा नाही. म्हणून हॉलमध्येच सतरंज्या अंथरल्या. अंथरायच्या आधी जागा स्वच्छ हवी म्हणून झाडायचे. मी एकदा किटली घेऊन दारात गेले आणि तिथेच थांबले. वरच्या झरोक्यांतून उन्हाचे पट्टे आत पडले होते, आणि त्या पट्ट्यांत नुकतीच झाडलेली रुई इतकी दाट उडत होती, की पलीकडची भिंत धुरकट दिसत होती. खाली माणसं मांडी घालून बसलेली. साहेब पुढे डोळे मिटून सांगत होते, खोल श्वास घ्या, अजून खोल, रोखून धरा. आणि सगळे घेत होते. माझा नवरा पहिल्या रांगेत होता. दम मोठा म्हणून त्याला पुढे बसवलं होतं. त्याची छाती फुगत गेली, फुगत गेली आणि थांबली. मी दारात उभी राहून माझाच श्वास धरून ठेवला होता, हे मला उशिरा कळलं.

परतीच्या वाटेवर मी त्याला म्हटलं, "त्या धुरड्यात श्वास घेऊन राहिले तुमी. बाहेर तरी बसा."

"साहेबानं सांगतलं. अन् मले काई होते का? पाह्यलं का खोकतानी?"

खोकताना पाहिलं नव्हतं हे खरं. पण पहाटे मी उठायची तर तो आधीच उठून बसलेला असायचा, भिंतीला टेकून, उशी मांडीवर घेऊन. विचारलं तर म्हणायचा, झोप झाली. आमच्या घरामागे एक शेजारी राहायचे. तेही एके काळी याच हॉलमध्ये होते. ते दिवसभर दारात, हात गुडघ्यांवर रोवून, पुढे झुकून बसत. आमच्या घरी आलेले पाहुणे त्यांना आजोबा म्हणत. ते माझ्या नवऱ्यापेक्षा फार मोठे नव्हते, दोघं एकाच शाळेत शिकले होते. पहाटेच्या उजेडात माझा नवरा पुढे झुकलेला दिसला की मला मागच्या दाराकडे पाहायची इच्छा व्हायची, आणि मी पाहत नसे.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला आणि साहेबांनी 'निरोगी कामगार' म्हणून बक्षीस जाहीर केलं. ज्यानं हंगामात एकही रजा घेतली नाही, एकही सुट्टी घेतली नाही, तो निरोगी. असा आमच्याकडे एकच होता. त्याला सायकल मिळाली. निळी, चकचकीत, हँडलला गोंडे लावलेली. टाळ्या पडल्या. माझा नवरा इतका लाजला, की मलाही क्षणभर सगळं विसरून बरं वाटलं. साहेब म्हणाले, "भाऊ, एक चक्कर मारा, फोटो काढू."

तो बसला, पटांगणाला वळसा घालायला निघाला. कापसाच्या पहिल्या ढिगापर्यंत नीट गेला. दुसऱ्या ढिगापाशी सायकल हळू झाली, मग थांबली. त्यानं एक पाय खाली टेकवला. आमच्याकडे पाठ होती. साहेबांना वाटलं फोटोसाठी थांबला आहे, ते हात हलवून ओरडले, "इकडे बघा, इकडे!" लोक टाळ्या वाजवत होते. मला त्याचे खांदे दिसत होते. ते वर जात होते आणि खाली येत नव्हते. मी शेगडी तशीच टाकून पळाले. जवळ गेले तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे दिसत होते, आणि दोन्ही हातांनी त्यानं हँडल असं धरलं होतं, की त्याच्याशिवाय तो पडला असता. तोंडातून शब्द निघत नव्हता. डोळ्यांनी मात्र तो मला सांगत होता की कोणाला सांगू नको. मी त्याच्यापुढे उभी राहिले, लोकांना तो दिसू नये म्हणून. बऱ्याच वेळानं श्वास आला. आम्ही सायकल हातात धरून परत आलो. साहेबांनी त्याला थंडगार ज्यूस दिला आणि म्हणाले, "सवय नाही ना राहिली सायकलची!" तो फोटो बोर्डावर लागला. फोटोत तो हसतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढतच पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी छाती ऐकली, नळीत फुंकायला लावलं, पुन्हा लावलं. मग कागदावर काही न लिहिता विचारलं, "कोणत्या दिवशी जास्त धरते?"

माझ्या नवऱ्यानं अभिमानानं आपला शोध सांगितला. सुट्टी बाधते, म्हणून सुट्टी घेणं सोडलं, आता बाधा नाही.

बाईंनी नळी बाजूला ठेवली. मग साध्या शब्दांत बोलल्या. सुट्टीच्या दिवशी छातीला चांगली हवा मिळते, ती जरा सैल होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा रुई आत गेली की ती ओरडते. रोज रोज गेलात तर ओरडायचं थांबते, पण आतलं थांबत नाही. "ती तुम्हाला सांगत होती दादा, तुम्ही तिला बोलूच दिलं नाही. आता हॉलमध्ये जाऊ नका. आजपासूनच नका. अजून काही राखता येईल." आणि मी दारापर्यंत गेले तेव्हा मला वेगळं म्हणाल्या, "अजून सुट्टी घेतली, तर यांना सुट्टीचा आणि कामाचा दिवस छातीवरून ओळखू येईल. सगळे वार सारखे वाटायला लागले, तर मग माझ्या हातात फार काही राहणार नाही."

ते वाक्य मी बसमध्ये, घरी, भाकरी करताना सोबत घेऊन फिरले.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, वजनकाट्यावर काम द्या, बाहेरच्या हवेत. त्यांनी नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "ताई, हंगाम संपत आला आहे. आणि भाऊंचा फोटो बोर्डावर आहे. सगळे त्यांच्याकडे बघतात. आत्ताच त्यांना आजारी म्हणून बाहेर काढलं, तर बाकीच्यांच्या मनावर काय परिणाम होईल?" तोंडाला बांधायच्या पट्ट्या मागवतो म्हणाले. मागवल्याही. हॉलच्या उकाड्यात त्या गळ्यात लोंबायच्या.

खरे अडवणारे साहेब नव्हते. मी नवऱ्यापुढे रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. तो म्हणाला, "एवढा हंगाम होऊ दे. लोक काय म्हनतीन? सायकल घेतली अन् पळाला म्हनतीन. मंग पावसाळाभर घरीच हाय ना, मोकळी होते छाती. दरसाल होते." दरसाल व्हायची, हे खरं होतं. त्या आशेवर मीही गप्प बसले.

हंगाम संपला. बुद्धपौर्णिमेला आम्ही तिगावला गेलो. सायकल कोणाला तरी द्यावी असं मी म्हणत होते, तो ऐकेना. ती घरी अंगणात उभी होती. विहारात त्याला नेहमीप्रमाणे पुढे बसवलं. त्यानं डोळे मिटले, सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसरी अर्ध्यावर आली आणि तुटली. लोकांना वाटलं मुद्दाम थांबला आहे. सगळे हात जोडून वाट पाहत राहिले. विहारात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत त्याच्या छातीतली बारीक शिट्टी ऐकू येत होती. कोणी तरी मागून ओळ पूर्ण करायला हवी होती. मी केली. माझा आवाज चांगला नाही. लोक माझ्यामागे म्हणायला लागले, आणि तो शेवटपर्यंत मान खाली घालून, ओठ हलवत बसून राहिला.

पावसाळा आला. आम्ही छाती मोकळी व्हायची वाट पाहिली. पोळा झाला, मारबतीची मिरवणूक निघाली, दसरा झाला. शेतांत कापूस फुटला. पांढुर्ण्याच्या बाईंच्या गोळ्या आणि तोंडात मारायचा फवारा चालू होता. तो दारात बसायचा. एक दिवस मी बाहेरून आले आणि माझे पाय अंगणातच थांबले. तो हात गुडघ्यांवर रोवून, पुढे झुकून बसला होता.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली. तो जाणार नव्हता, जाऊ शकत नव्हता. त्यावर आमच्यात बोलणंही झालं नाही. मी कॅन्टीन चालवत राहिले. बोर्डावर फोटो होता. एक दिवस हॉलमधले चार-पाच जण घरी आले, चहा पिले, सायकलीवरून हात फिरवला. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, तुमी सांगतलं ते खरं निघालं. आमीबी सुट्टी बंद करून राहिलो. कोनालेच बाधा नाई आता."

माझ्या नवऱ्यानं मान हलवली. एकेक शब्द वर ओढून काढत तो म्हणाला, "सुट्टी... घ्या... रे."

ते हसले. आजारपणातही भाऊची मस्करी गेली नाही म्हणाले. मी सगळं सांगितलं, बाईंचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. ते ऐकत होते, माना हलवत होते. जाताना एक जण दारात वळून म्हणाला, "वहिनी, तुमचं बरोबर हाय. पन आमाले तं सुट्टीनंच बाधते ना."

परवा दुपारी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. वाऱ्याची दिशा बदलली की जिनिंगचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. रेच्यांचा एकसारखा, जड आवाज. रस्त्यावरून बाया डोक्यावर टोपल्या, हातात पिशव्या घेऊन जात होत्या. तो त्यांच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे वळला.

"आज... कोनता... वार हाय?"

पूर्वी त्याला हे विचारावं लागत नव्हतं. छातीच सांगायची. मी सरळ उत्तर दिलं.

"बाजार हाय आज."

त्यानं कान दिला. खूप वेळ ऐकलं. मग माझा हात धरला आणि विचारलं,

"मंग... मशीन... काहून चालू हाय?"